एकशे बारा नंबरचा पाय

कुडाळ परिसरात कोणाच्या जखमेत काय चाललंय, हे आमच्या लॅबमधल्या काकांइतकं देवालाही ठाऊक नसेल. पण त्यांतल्या एकाचंही तोंड त्यांनी धड पाहिलेलं नाही. माणसं त्यांच्याकडे नमुन्याच्या बाटलीवरच्या नंबराने येतात. मी तिथे कॉलेजच्या प्रशिक्षणासाठी जायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून काका बोलतील ते सगळं वहीत लिहून घ्यायचे, अगदी "पंखो बंद कर गो" हेसुद्धा. काका सकाळी जंतू वाढवायच्या पेटीचं दार उघडून आतल्या काचेच्या थाळ्यांना "उठलास?" असं विचारत आणि दुपारी त्याच पेटीकडे तोंड करून एकटेच जेवत. लग्नाच्या पंगतीत लोक त्यांच्यासाठी राखलेल्या पानाशेजारचं पान सोडून बसत. काकांना ते कळत नसावं, कारण कोपरापर्यंत हात धुऊन ते येईस्तोवर पंगत उठलेली असे.

एकदा एकशे बारा नंबर आला. मच्छीमाराच्या पायात शेंगटी माशाचा काटा घुसला होता. औषध चुकलं तर पाय जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. थाळीत औषधाच्या चकतीभोवती जंतू मेल्याचं रिंगण दिसत होतं. मी आनंदाने 'औषध लागू' लिहायला घेतलं, तर काकांनी पेनच काढून घेतलं. काही जंतू औषध चिरून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. मग असलं रिंगण फसवं निघतं. त्यांनी नव्या थाळीत दोन चकत्या ठेवल्या, एक नुसत्या औषधाची, दुसरी त्याच औषधात विकराला अडवणारं द्रव्य घातलेली. आता उद्यापर्यंत थांबायचं.

खिडकीबाहेरून मच्छीमाराची बायको ओरडली, "दोन दिस झाले! आत आंबोळ्यो घालतास काय?"

"उद्या," काका मास्कमधूनच म्हणाले.

सकाळी दुसऱ्या चकतीचं रिंगण चांगलंच मोठं निघालं. म्हणजे विकराला अडवल्यावरच औषध नीट चाललं होतं; विकर सापडलं. काकांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला आणि औषध बदलून घेतलं.

महिन्याभराने आम्ही दोघं बाजारातून जात होतो. सुकी मासळी विकणाऱ्या बाईचा आवाज मी लगेच ओळखला. तिचा नवरा शेजारी टोपली उचलत होता. काका त्याच्या पायावरच्या व्रणाकडे बघतच राहिले.

"ह्येंच्या पायाक काय झालां होतां?" त्यांनी विचारलं.

बाईने सगळं सांगितलं, काटा, सूज, डॉक्टर. "आणि त्या लॅबातल्या मेल्यान तीन दिस रिपोर्ट अडवून ठेवलो! देवानच पाय राखलो."

"हां, देवानच," काका म्हणाले. "असतत अशी माणसां."

ती आणखी बराच वेळ त्या लॅबवाल्याचा उद्धार करत होती आणि काका मान डोलावत होते. शेवटी त्यांनी पावशेर सुकट घेतली.

पुढे गेल्यावर मी भीतभीत म्हटलं, "काका, तुम्हीच ते, असं सांगायचं ना!"

"सांगलंय असतंय तर ती गप झाली असती, गो."

काका मासे खात नाहीत. सुकटीची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली, आईसाठी. पुढच्या बाजारालाही तिचा तोच उद्धार ऐकत पुडी घेऊन दिली, त्याच्या पुढच्यालाही. हल्ली आमच्या घरी सुकट संपतच नाही.