धुतलेल्या चेहऱ्याचा फोटो

बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या गावात भूमेश्वरीच्या हाती फोन दिसला की बाया आपोआप पदर सारखा करतात. बारसं असो की साखरपुडा, फोटो तिनेच काढायचे, हे आता गावात ठरूनच गेलं आहे. लग्नातला भाड्याचा फोटोग्राफर नवरीला इकडे बघ, तिकडे बघ म्हणून रडकुंडीला आणतो. भूमेश्वरी काहीच सांगत नाही. ती थांबते, आणि समोरचं माणूस फोटो विसरलं की मग काढते.

गावाला तिचं कौतुक वाटतं, पण याची सुरुवात काही कौतुकाची नव्हती. मुलगी रिंकी पाळण्यात होती तेव्हा भूमेश्वरीच्या ओठावर पहिला पांढरा डाग उठला. मग डोळ्याखाली, मग दोन्ही हातांवर. डॉक्टरने सांगितलं, हे कोणाला लागत नाही, घाबरू नका. पण गावात डॉक्टरपेक्षा शहाण्या माणसांना काय तोटा! कोणी लेप सुचवले, कोणी मासे खाणं सोडायला लावलं. एका लग्नात ती नवरीला हळद लावायला पुढे झाली, तर एका नातलग बाईने गोड बोलून तिच्या हातात फोन दिला आणि तू फोटो काढ म्हणून सांगितलं. भूमेश्वरीला कळायचं ते कळलं. आणखीही एक कळलं, की फोटो काढणारी फोटोत का नाही, हे कोणी विचारत नाही. त्या दिवसापासून तिने फोन सोडला नाही.

गंमत अशी की लपण्यासाठी धरलेल्या त्या फोनने तिला बघायला शिकवलं. सुरुवातीला तिच्या फोटोतली माणसं काळीठिक्कर यायची. मग ऊन कुठून येतं हे ती बघू लागली. अंगणात पसरलेलं धान, मोहफुलांनी भरलेल्या टोपल्या, तलावातून बाहेर येणारे बैल, सगळं रोजचंच, पण फोटोत तिला नव्याने दिसे. तिकडे भाजी करपली आणि तू वांग्याचे फोटो काढत बस, असं नवरा धनेंद्र कुरकुरायचा. कुरकुरायचा खरा, पण आपल्या बैलांचा फोटो त्यानेच गावभर मिरवला. मनासारखा फोटो आला की त्या दिवशी भूमेश्वरीला कोणाचाच राग येत नसे.

रिंकीपुढे मात्र तिचं काही चालेना. रिंकी गोंदियाला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. खोलीतल्या मुलींनी भिंतीवर आपापल्या आयांचे फोटो लावले होते. रिंकीजवळ बैल होते, तलाव होता, आईच नव्हती. तिने फोटो मागावा आणि आईने बगळा पाठवून मोकळं व्हावं, असं किती दिवस चाललं. शेवटी या पावसाळ्यात पोरीने फोनवर विचारलं, "आई, मले तुजी लाज वाटत नाही. तुलेच काऊन वाटते?"

 पोरगी खरं बोलली होती, म्हणूनच ते भूमेश्वरीला जास्त लागलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांची रोवणी संपली. रोवणीत बाया वाकून, मागे सरकत धान लावतात, त्यामुळे बांधावरून फोटो काढला तर नुसत्या पाठी येतात. म्हणून भूमेश्वरी त्यांच्यासमोर चिखलात उतरली होती. रोपांची शेवटची पेंडी लागली की शेताच्या मालकिणीला चिखल फासायची तिथली रीत. रोवणाऱ्या बायांची म्होरकी म्हातारी सुलोचनाबाई. तिने दोन्ही ओंजळी भरून भूमेश्वरीचं तोंड माखून टाकलं. बाया खिदळल्या, भूमेश्वरीही पोट धरून हसली. तेवढ्यात त्या बायांतल्या चंदाने तिचा फोन घेऊन फोटो काढला.

तो फोटो पाहून भूमेश्वरी हरखली. तोंडभर हसू, आणि डाग एकही नाही. कित्येक वर्षांनी ती स्वतःला आवडली होती. हाच रिंकीला पाठवावा म्हणून तिने फोनमध्ये रिंकीचं नाव शोधलं आणि बोट तिथेच थांबलं. या फोटोत चिखल माखलेली कोणीही बाई चालली असती. इतकी वर्षं ती फोनच्या मागे उभी राहिली, आज चिखलाच्या मागे. पोरीने मागितली होती आई.

ती पाटाच्या वाहत्या पाण्याशी गेली आणि तिने तोंड खसखसून धुतलं. पदर तोंडाशी नेला नाही. मग तिने फोन सुलोचनाबाईच्या हातात दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं.

"चांगला तर आला होता वं तो फोटो," सुलोचनाबाई म्हणाली. "धुतलं कायले?"

"त्याच्यात मी दिसत नव्हती, बाई."

म्हाताऱ्या हाताने काढलेला फोटो जरा तिरपा आला. भूमेश्वरीने तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहिला. ढग सरकून ऊन गालावर पडलं होतं. हनुवटीवर पाणी होतं. डोळे थोडे घाबरलेले, पण खरे. डागांच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. चेहरा गुळगुळीत करायची सोय फोनमध्ये होती, गावातल्या अर्ध्या नवऱ्या तिने तशा उजळून दिल्या होत्या. या फोटोला तिने काहीच केलं नाही. तसाच पाठवला.

बायांना जेवण वाढत असताना रिंकीचा फोन आला. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

"आई, किती सुंदर दिसून राहिली तू."

एरवी भूमेश्वरीने काहीतरी बोलून हे उडवून लावलं असतं.

"हो," ती म्हणाली. "मलेही तसंच वाटलं."