बनाबाईचं रक्त
गुंजवण्यात बनाबाईच्या हातचा चहा फारसं कुणी घेत नाही. तिला रोग आहे म्हणतात. ही बाई साठीला टेकली तरी भाताचा भारा एका दमात खळ्यावर आणते. असला रोग मला जडला तर मी पेढे वाटीन.

तिचं लग्न आत्याच्या कोंडिबाशी झालं होतं. घरची लेक घरात, ही आपल्याकडची जुनी रीत. मुलगी झाली, तिला थॅलेसेमिया निघाला. दर महिन्याला पुण्याला नेऊन रक्त चढवायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "तुम्ही दोघंही वाहक आहात. म्हणजे तुम्ही आजारी नाही, तुमच्यापासून कुणाला काही लागतही नाही. पण दोघांकडचा दोष एकाच लेकरात उतरला, की ते आजारी."

पोर सातव्या वर्षी गेली. कोंडिबानं दुसरी बायको केली, तिला धडधाकट मुलगा झाला आणि गावानं निकाल दिला, खोट बनाबाईत! दुसरी बायको वाहक नव्हती, एवढी साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरली नाही.

पुढं तिच्या भावानं, कुंडलिकनं, त्याच मुलाशी आपल्या लेकीची, वैष्णवीची सोयरीक ठरवली. बनाबाई धावत गेली.

"दादा, आदी दोगांचं रगत तपासा. पोरगा बापावानी आन् पोरगी माज्यावानी असंल तर?"

"सवतीच्या पोराचं लगीन मोडाया आलीस व्हय?" कुंडलिक ओरडला. "पुन्यांदा ह्या घरात पाय ठेवू नगंस!"

माहेर म्हणून तिला तेवढंच एक दार होतं. ते बंद झालं.

वैष्णवी मात्र हट्टाला पेटली. तिनं मुलाला भोरला नेलं, दोघांनी रक्त तपासून घेतलं. दोघंही वाहक निघाले आणि लग्न मोडलं. नंतर कापूरहोळचं स्थळ आलं, त्या मुलाची तपासणी करूनच तिनं होकार दिला. लग्नाचं आवतण बनाबाईला आलं नाही.

यंदा वैष्णवी बाळाला घेऊन आली. बनाबाईला ती रस्त्यातच भेटली. गुटगुटीत बाळ बघून म्हातारीला इतका आनंद झाला, की तिनं न विचारताच दोन्ही हात पुढं केले.

वैष्णवीला सगळं ठाऊक होतं. तीही वाहकच. तरी तिचा हात आपसूक ओढणीकडं गेला आणि बाळाचं तोंड झाकलं गेलं. मग तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं.

"आत्या, मी..."

"आसू दे, बाय," बनाबाई हात मागं घेत म्हणाली. "वारं लई सुटलंय. झाकूनच न्हे त्याला."