एका वाचकाचं मत

रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेली एकोणीस वर्षं ती एकच काम करत होती. पट्टा बांधायचा, नस शोधायची, सुई टोचायची, नळी भरायची, कापूस दाबून धरायला सांगायचं. हात इतका हलका की पेशंट दुसरीकडे बघत असला तर त्याला काम झाल्याचं कळायचंही नाही. म्हणून सगळे तिला सुईताई म्हणायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि थट्टेनं म्हणायचा, "बाहेर लोकांना टोचताना कळत नाही, घरात मात्र बरोबर कळतं."

सुईताई कादंबऱ्या लिहायची. रहस्यकथा. प्रकाशकांकडे दोनदा पाठवून पाहिल्या, उत्तर आलं नाही. मग तिनं स्वतःच छापायचं ठरवलं. हव्या तेव्हा हव्या तेवढ्या प्रती छापून देणारी एक वेबसाइट होती, तिथं तिनं पुस्तक चढवलं. मुखपृष्ठ स्वतः केलं, मावळत्या सूर्याचा फोटो लावून. पुस्तकात खून होता, सूर्य कुठंच नव्हता. पहिल्या पुस्तकाच्या एक्केचाळीस प्रती गेल्या. त्यातल्या तीस नात्यातल्यांनी आणि लॅबमधल्यांनी घेतल्या. नणंदेनं तीन घेतल्या आणि एकही वाचली नाही. दुसऱ्या पुस्तकाचं त्याहून वाईट झालं, कारण नातेवाईकांनी आपलं कर्तव्य पहिल्यातच उरकलं होतं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी लिहिणाऱ्यांची बैठक भरायची. सात-आठ माणसं, डुगडुगणारं एक टेबल, कुणीतरी थर्मासमधून आणलेला चहा. तिथं तिला घड्याळकाका भेटले. मुख्य रस्त्यावर, औषधाच्या दुकानाला लागून, त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटाएवढी जागा. वय अडुसष्ट. बोलायचे कमी, पण कुणाचंही लिखाण हातात घेतलं की डोळ्याला भिंग लावल्यासारखं वाचायचे. तिसऱ्या पुस्तकाचा कच्चा खर्डा तिनं त्यांना दिला, तो आठवड्यानं परत आला तेव्हा समासात पेन्सिलीच्या मुंग्याच मुंग्या.

"ताई, पहिली सहा पानं काढून टाका," ते म्हणाले. "बाई उठते, आरशात बघते, चहा करते. खून सातव्या पानावर आहे. मग आपणही सातव्याच पानावर जाऊ या ना."

सुईताईला राग आला. रात्रभर त्या सहा पानांचा कैवार घेऊन ती मनातल्या मनात भांडली. सकाळी वाचून पाहिलं, तर म्हातारा बरोबर होता.

तेव्हापासून दीड वर्ष काकांनी तिला शिकवलं. त्यांनी त्याला कधी शिकवणं म्हटलं नाही. त्यांनी दाखवून दिलं की तिची सगळी पात्रं एकाच तोंडानं बोलतात, आणि ते तोंड तिचंच असतं. त्यांनी सांगितलं की लॅबमध्ये दिवसाला साठ माणसं समोर बसतात, घाबरलेली माणसं. ती काय बोलतात ते ऐका, आणि काय बोलायचं टाळतात तेही ऐका. पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचून ते हसले. "सगळी गोष्ट दारातच सांगून टाकलीत, मग आत कोण येईल?" तो मजकूर त्यांनी चार ओळींवर आणला. मुखपृष्ठासाठी एखाद्या चित्रकाराला गाठायला लावलं. पहिलं प्रकरण वाचकांना फुकट द्यायला लावलं. तिसरं पुस्तक निघालं आणि सहा महिन्यांत त्याच्या साडेतीनशे प्रती गेल्या, अनोळखी माणसांनी घेतलेल्या. एका वाचकानं लिहिलं, "माणसं जिवंत वाटतात." तो शेरा सुईताईनं इतक्यांदा वाचला की पाठ झाला.

सगळं सुरळीत चाललं असताना काकांनी स्वतःची कादंबरी काढली.

बारा वर्षं ते ती लिहीत होते. दोन भाऊ, एक दुकान, मध्ये उभारलेली भिंत, एवढीच गोष्ट. छापण्याआधी त्यांनी खर्डा एकट्या सुईताईला दिला होता. "तुम्ही निर्दयपणे वाचा," म्हणाले होते. तिनं दोन दिवसांत वाचून संपवला आणि कागदांचा गठ्ठा मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला कळलं होतं की आपण जन्मभर लिहिलं तरी असं एक पान आपल्या हातून होणार नाही. एकच खोट होती. चौथ्या प्रकरणात धाकटा भाऊ दुकानात एकटा बसून चौदा पानं नुसता विचार करतो, आणि तिथं गोष्ट बसकण मारते. तिला ते लख्ख दिसलं. तिनं खर्डा परत दिला आणि सांगितलं, फार सुंदर झालंय काका, कुठं हात लावू नका.

पुस्तक आलं आणि लोक वाचू लागले. वेबसाइटवर नव्या लेखकांची खपानुसार लावलेली एक यादी असायची. तिसऱ्या आठवड्यात काकांचं पुस्तक त्या यादीत सुईताईच्या पुस्तकाच्या वर गेलं. बैठकीतल्या एकानं हसत हसत म्हटलं की गुरू तो गुरूच. सगळे हसले, तीही हसली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या खोलीत, डबा अर्धवट ठेवून तिनं मोबाइल उघडला. नवं खातं काढलं. नाव दिलं, एक वाचक. पाचातले दोन तारे दिले आणि लिहिलं की भाषा नीटनेटकी आहे पण माणसं थिजलेली आहेत. चौथ्या प्रकरणात धाकटा भाऊ चौदा पानं नुसता बसून राहतो आणि वाचकही त्याच्यासोबत अडकतो. लेखकाला आपल्या वाक्यांचा मोह सुटत नाही. थांबायला हवं होतं, पण हात थांबला नाही. शेवटी लिहिलं, "उतारवयात हौस म्हणून लिहिलेलं पुस्तक दिसतं. हौस फिटली असेल तर बरं." मग डबा संपवला. पुढच्या पेशंटला म्हणाली, मूठ आवळा.

त्या रविवारी काका बैठकीला आले ते एक कागद घेऊन. परीक्षण त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात उतरवून आणलं होतं. सगळ्यांपुढं वाचून दाखवलं, एक शब्दही न गाळता. लोक चिडले; कुणी म्हणालं, असल्या लोकांना कामधंदा नसतो. काकांनी हात वर केला. "नाही नाही. याला वाचता येतं. बारा वर्षांत मला दिसलं नाही ते याला दिसलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "दुसऱ्या पुस्तकाची साठ पानं झाली होती. ती बाजूला ठेवतोय. हौस फिटलीच म्हणायची."

घरी जाताच सुईताईनं परीक्षण पुसून टाकलं. त्यानं सुटका होईल असं वाटलं होतं. पण पुढच्या रविवारी काका म्हणाले की त्या वाचकानं आपलं मत काढून घेतलंय, बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल, भला माणूस दिसतो. तिनं चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला.

त्यानंतरचे तीन महिने तिचं मन तिला खात राहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ही खवखव घशात नव्हती, हातात होती. लिहायला बसली की काकांची पेन्सिल दिसायची. तिच्या पुस्तकाला नवा चांगला शेरा आला की तो चोरीचा वाटायचा. सगळ्यात वाईट गोष्ट तिला हळूहळू उमगत गेली. ते परीक्षण वर्मी लागलं, कारण ते नीट लिहिलेलं होतं. आणि नीट वाचायला, नेमकं बोट ठेवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पान्हे पुसत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, आता सांगून काय होणार? तुझं ओझं उतरेल, ते त्यांच्या डोक्यावर बसेल. त्यांना वाटतंय कुणी अनोळखी माणूस होता. वाटू दे की." बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या आधारावर तिनं आणखी एक महिना काढला.

मग एका सकाळी काकाच लॅबमध्ये आले, साखर तपासायला. नेहमीसारखी बाही वर करून हात पुढं केला आणि शेजारच्या घाबरलेल्या बाईंना म्हणाले की काळजी करू नका, या ताईंच्या हातून दुखत नाही. सुईताईनं पट्टा बांधला, नस दिसत होती, दोरीसारखी जाड. सुई चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. काकांनी तोंड किंचित आवळलं. तिसऱ्यांदा तिनं लॅबमधल्या सहकारी बाईला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात गेली. काका एक बायकी घड्याळ उघडून बसले होते, डोळ्याला भिंग. कोपराच्या आतल्या बाजूला कालचा निळा डाग होता. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसली असती तर सांगवलं नसतं.

काकांनी भिंग काढलं नाही. चिमट्यातला स्क्रू तसाच धरून ठेवला.

"हौस फिटली असेल तर बरं, हेही तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"आणि चौथ्या प्रकरणाचं?"

"तेही मीच. पण ते खरं होतं, काका. बाकी सगळं मत्सरानं लिहिलं."

"चौथं प्रकरण कधी दिसलं तुम्हाला?"

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. खोटं बोलायची एक संधी होती, ती तिनं जाऊ दिली. "खर्डा वाचला तेव्हाच."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"बाकीचं पुस्तक माझ्या कुवतीबाहेरचं होतं म्हणून. एवढी एक खोट राहावी असं वाटलं."

काकांनी स्क्रू डबीत ठेवला. भिंग काढलं. त्यांचा एक डोळा लाल दिसत होता, पण तो भिंगामुळे नेहमीच तसा दिसायचा.

"परीक्षणाचं जाऊ दे," ते म्हणाले. "रागात माणूस काहीही लिहितो. पण मी तुम्हाला खर्डा दिला होता, ताई. हे जास्त लागलं."

तिनं म्हटलं की मी माझ्या नावानं परीक्षण लिहिते, जे खरं वाटतं ते सगळं लिहिते, पुस्तक किती मोठं आहे ते लोकांना कळू दे.

"नको. आता तुम्ही चांगलं लिहिलंत तरी मला ते खोटंच वाटेल." आणि त्यांनी पुन्हा भिंग लावलं. बाहेर एक गिऱ्हाईक घड्याळाचा पट्टा बदलायला उभं होतं. सुईताईनं त्याला वाट दिली.

काका बैठकीला यायचे बंद झाले. लोकांना वाटलं, गुडघे दुखत असतील. एक रविवार तिनं तसंच वाटू दिलं. दुसऱ्या रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुणी तिला बोललं नाही, उलट एकजण समजूत घालत म्हणाला की सगळ्यांच्याच हातून कधीतरी घडतं. पण नंतर दोघांनी आपली लिखाणं तिला वाचायला देणं थांबवलं, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दीड वर्षानं काकांचं दुसरं पुस्तक आलं. तिला ते वेबसाइटवर दिसलं, चारचौघांना दिसलं तसंच. तिनं एक प्रत मागवली. लॅबमध्ये तपासणीला आलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं होतं की ते रोज सकाळी दुकान उघडण्याआधी लिहितात, पण कुणाला दाखवत नाहीत, मलाही नाही. पुस्तक पहिल्याहून सरस होतं. तिनं ते सावकाश वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली, आणि मग खोडरबरानं ती पुसली. तारे दिले नाहीत, शेराही लिहिला नाही.

स्वतःचं चौथं पुस्तक तिनं पूर्ण केलं. विकलंही बरं गेलं. फुकट प्रकरण, चार ओळींची पाठ, चांगलं मुखपृष्ठ, सगळं आता तिला येत होतं. फक्त छापण्याआधी ते वाचणारं कुणी नव्हतं. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, छान आहे, लिफ्टचा प्रसंग जरा चुकलाय, अशी दोरी तुटत नसते. तिनं लिफ्टचा प्रसंग दुरुस्त केला.

यंदा बैठकीला एक नवी बाई येऊ लागली आहे, बँकेत नोकरी करणारी. तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात तिनं आपला खर्डा सुईताईच्या हातात दिला आणि म्हणाली, मनापासून सांगा हं. सुईताईनं दोन शनिवार घालवले. जे दिसलं ते सगळं समासात लिहिलं, लहान मोठं, बरं वाईट, काही न ठेवता. काय सुंदर आहे तेही लिहिलं. परत मिळालेला खर्डा चाळताना त्या बाईचा चेहरा पानागणिक उतरत गेला. शेवटी ती आभार मानून निघून गेली आणि पुढचे दोन रविवार आली नाही.

सुईताई त्या दोन्ही रविवारी जिन्याकडं तोंड करून बसली होती. आपण हे तिच्या भल्यासाठी केलं की स्वतःच्या, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. तिसऱ्या रविवारी ती बाई आली, लांबच्या खुर्चीवर बसली, आणि पिशवीतून नव्यानं लिहिलेलं पहिलं प्रकरण काढून वाचायला लागली. सुईताई मान खाली घालून ऐकत राहिली.