रुसवा नव्हे

ज्या दिवशी बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, त्या दिवसापासून ते आपणहून बोलेनासे झाले. जखम मेंदूच्या अगदी आत होती, जिथून कुठलीही गोष्ट सुरू करण्याची चालना मिळते तिथे. हातपाय चालत होते, शब्द शाबूत होते. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या दवाखान्यात मानसोपचाराचं काम करते, म्हणून मला हे उमगलं. आईला मात्र वाटे, ते रुसलेत. "किरनापूरच्या लग्नाले जाऊ देलं नाही न मी," ती म्हणायची.

एकदा त्यांच्यासमोरचं ताट दुपार टळेपर्यंत तसंच राहिलं.

"भूक नाही लागली काय तुम्हाले?" आईनं चिडून विचारलं.

"लागली न."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं कुठी?"

मी आईला समजावलं, हा राग नाही आणि उदासीही नाही. गाडी ठीक आहे, फक्त दर वेळी किक आपण मारायची. तेव्हापासून ती सगळं विचारू लागली, अंघोळीचं, फिरायला जायचं, वरणात मीठ बरोबर आहे का तेही. मग एकदा धीर करून म्हणाली, "माह्यावर रुसले तं नाही न?"

"रुसायचं बी तूच सांगशीन, तं रुसीन."

आई हसली, मग पदरानं डोळे पुसत राहिली.

दवाखान्यात कोणी घरच्या माणसाला 'आळशी झालाय' म्हणून घेऊन आलं, की मी आधी विचारते, सांगितल्यावर करतो का?

बाबा या हिवाळ्यात गेले. आता घरात आम्ही दोघी आहोत, आणि ते रुसून गेले असं आईला वाटत नाही.