फाटकावरचा शब्द

सिंदी रेल्वे या गावातल्या जुन्या जिनिंगच्या आवारातून बाहेर पडताना फाटकाच्या आतल्या बाजूस ‘येजो’ असा एकच शब्द दिसतो. तो मला सुचला, असे लोक समजतात. दोन वर्षे मी त्यांना तसे समजू दिले. तो शब्द फाटकमामांचा आहे.

मामा त्या जिनिंगचे चौकीदार. सरकी काढणारे रेचे थांबले, कापसाच्या गंज्या गेल्या, मालक बदलले. मामा मात्र फाटकावरच राहिले. भोंग्याच्या खांबाखाली उभे राहून त्यांचा डावा कान निकामी झाला होता. बोलणे मोजके, पण खात्रीचे. “मामा म्हनते ना, मंग झालं,” असे म्हणून जुने कामगार वाद मिटवीत. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते ‘येजो’, म्हणजे ‘पुन्हा ये’, म्हणत. जिनिंग कायमची बंद झाली, त्या संध्याकाळीही त्यांनी सर्वांना तेच म्हटले. “आता येनार नाई हे मालूम होतं, साहेब. पन जा कसं म्हनू?”

त्या आवारात भाजीबाजार, वाचनालय आणि दुकाने करायचे ठरले, तेव्हा दिशाफलकांचे काम माझ्याकडे आले. मी पिपरी मेघे या गावाहून रोज जात असे. पहिल्या आराखड्यात मी इमारतींना क्रमांक दिले. मामांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. “तीन नंबर कोनाले मालूम आहे? सरकीगोदाम लिवा. आंधळाबी बराबर पोचते.” मी क्रमांक खोडले.

कोणालाही रस्ता सांगताना मामा कधी बोट दाखवीत नसत; चार पावले सोबत चालत. “बोट दाखवलं का हाकलल्यावानी वाट्टे. संगं गेलं का पोचवल्यावानी.” एकदा भाजीची टोपली घेऊन आलेली एक बाई माझ्या फलकापुढे थबकली. वर जाणारा बाण म्हणजे ‘सरळ जा’, असे मी गृहीत धरले होते.

“काऊन जी मामा, वरते बसाचं का आमी? शिडी कुठी आहे?”

मामांना हसू आवरेना. “साहेबाच्या बानानं गेली तं उडाले इमानच लागते तुले, बाई. चाल माह्यासंगं.”

त्या दिवशी मी ते बाण उतरवले. आयुष्यभर फलक केले, पण वाट दाखवणे म्हणजे काय, हे मी त्या चार पावलांत शिकलो.

राहिला होता बाहेरचा फलक. मी ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असे लिहिले होते. मामा म्हणाले, “जा म्हून काऊन सांगता लोकायले? जानारा जातेच. येजो लिवा.” आमच्या वऱ्हाडीत आपल्या माणसाला ‘येजो’ म्हणतात; मान द्यायचा, थोडे अंतर राखायचे, तर ‘येजा’. त्या सुमारास मामा मलाही येजो म्हणू लागले होते.

उद्घाटनाच्या दिवशी एका पाहुण्यांनी फाटकापाशी थांबून विचारले, “वा! हा शब्द कोणाचा?” मामा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होते. मी म्हणालो, “सुचला असाच.” कोणाला सुचला, हे त्या वाक्यात नव्हते. मी त्या व्याकरणामागे लपलो. टाळ्या झाल्या.

निघताना मामा म्हणाले, “येजा, साहेब.”

पुढे फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर मामांनी कधीतरी सांगितले, की शब्द त्यांचा आहे. मग थट्टा सुरू झाली. “मामा, उद्या म्हनसान, सिंदीले रेल्वेबी म्याच आनली!” हे मी स्वतः ऐकले, हातात कप धरून, तीन हातांच्या अंतरावर उभा राहून. मामांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलेही नाही. ज्याच्या नुसत्या म्हणण्यावर वाद मिटत, त्या माणसाला लोक थापाड्या म्हणू लागले. आणि ते एका वाक्याने थांबवणे माझ्या हाती असूनही मी चहा संपवला.

गेल्या महिन्यात मी परत गेलो. टपरीवर तीच मंडळी होती. मी मामांच्या शेजारी बाकावर बसलो आणि जे सांगायचे ते हळूच सांगितले. माझा आवाज मुळात बारीक. पण त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला बसलो, ते चुकून की भित्रेपणाने, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

“काय म्हनता, साहेब? तुमचं बोलनं असं तोंडातल्या तोंडात राह्यते. जोरात बोला ना.”

त्यांना खरोखरच ऐकू आले नव्हते का, कोण जाणे. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. टपरीवरच्या सगळ्या माना वळल्या.

“मामा, फाटकावरचा शब्द तुमचा आहे. मी तो माझा म्हणून मिरवला, आणि लोक तुम्हांला खोटे ठरवत होते तेव्हा गप्प बसलो. मी चुकलो. मला माफ करा.”