जर्मन नाण्यासाठी कळवणला

सकाळी नाशिकहून कळवणची एसटी धरली तेव्हा मी खूश होते. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळा संतापच आहे.

मी जुनी जर्मन नाणी जमवते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मनी एक देश नव्हता. आपल्याकडे सुरगाणा, जव्हार होती तशी तिथे संस्थानं होती आणि ज्याची त्याची चांदीची चिल्लर. आमचे हे सातपूरला फिटर होते. मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन माणसाने माझ्या हातची भाकरी खाऊन मला तीन नाणी दिली, तेव्हापासून हा नाद. मी चौथीपर्यंत शिकले. त्यांची अक्षरं वाचता येत नाहीत, पण चित्रावरून संस्थान ओळखते. व्युर्टेंबर्ग संस्थानाचं सहा क्रॉयझरचं नाणं, ढालीवर हरणाची शिंगं असलेलं, मला बारा वर्षं सापडत नव्हतं. कळवणच्या भाच्याने एका सराफाकडच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि तो कागद मला पाठवला. शिंगं स्पष्ट उठली होती. मी बूथवरून सराफाला फोन केला, "ठेवा, मी येते."

दिंडोरीच्या द्राक्षबागा मागे पडल्या. वणीला टायर पंक्चर झालं. तासभर उन्हात उभी राहिले, कालच्या तेलातली भजी खाल्ली. गाडी सुटल्यावर शेजारच्या बाईने विचारलं, "आजी, गडावर ना?"

"नाही. कळवणला. नाणं आणायला."

"नवसाचं हाय का?"

"नवस नाही. जमवते मी."

"अगं बाई! लय हौशी!" सगळी गाडी वळून बघेल एवढी हसली. नांदुरीला ती देवीच्या गडासाठी उतरेपर्यंत मी खिडकीतून डोंगराचा काळा कडाच बघत बसले.

कळवणला बाजारपेठेत दुकान लगेच सापडलं. सराफ तिशीचा, गोड बोलणारा. "बसा ना मावशी, पाणी घ्या," म्हणत त्याने गुलाबी कागदाची पुडी उघडली.

नाणं लखलखत होतं. वर कडी लावलेली. तिचा डाग (सांधा) वितळून अंकांवर पसरला होता, सालच गेलं होतं. घासून घासून शिंगांच्या नुसत्या रेघा उरल्या होत्या.

"काळं पडलं होतं," तो म्हणाला. "रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासलं. आता नवं शे (आहे) बघा! कडीची मजुरी नाही घेत तुमच्याकडून."

"तुला कडी लावायला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? बायका चांदी गळ्यासाठीच घेतात."

"आणि माझ्या मालकांनी फोन केला असता तर?"

"मग विचारलं असतं, कशासाठी पाहिजे म्हणून."

"मला का नाही विचारलंस?"

तो कडी काढून देतो म्हणाला. मी म्हटलं, "खबरदार हात लावलास तर! पुन्हा तापवलंस तर उरलंय तेही जाईल." घ्यायचं नसेल तर मुशीत (चांदी वितळवायच्या भांड्यात) टाकीन, असं त्याने सांगितल्यावर मी ते विकत घेतलं. चहा घेतला नाही.

परतीच्या गाडीत त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. दिंडोरीपर्यंत शिव्या संपल्या, मग खरं ते आठवलं. बूथवर माझ्यामागे चार माणसं उभी होती. "मी नाणी जमवते, जसं आहे तसं ठेवा," एवढं त्यांच्यासमोर म्हणायची मला लाज वाटली होती.

घरी सून म्हणाली, "अय्या, लॉकेट! मला द्याल ना, पुढेमागे?"

दुसऱ्या दिवशी मी नातीच्या वहीची पानं फाडली. प्रत्येक नाण्यासाठी एक चिठ्ठी केली: धुऊ नये, कडी लावू नये, वितळवू नये. माझ्यामागे नाण्यांचा डबा उघडेल त्याला निदान वाचता तरी येईल. व्युर्टेंबर्गच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ घातली: हे सराफाने बिघडवलं, आणि मी तोंड उघडलं नाही म्हणून बिघडलं.