वाळूचे आजोबा

"माणूस उचलायला सोपा असतो मास्तर, तो गळ्यात हात तरी टाकतो, तुमच्या या लोखंडाला तेवढीही माया नाही."

मावशी हे बोलली तेव्हा तिच्या हातात डंबेल होतं आणि चेहऱ्यावर दुसऱ्याचं मूल चुकून कडेवर आल्यासारखा भाव. जिममधलं सामान तेव्हापासून पार बदललं. आरसे नवे आले, पंख्यांच्या जागी एसी आला. जमिनीवरच्या रबराचा वास तेवढा तोच राहिला. सकाळी शटर वर केलं की तो वास मास्तरांच्या अंगावर येतो आणि कधीकधी त्याच्या मागोमाग मावशी आत येते.

ती हॉस्पिटलात आया होती. सगळा वॉर्ड तिला मावशी म्हणायचा, तिच्याहून म्हातारे पेशंटसुद्धा. त्यामुळे जिममध्येही ती मावशीच झाली. माणसांना खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर नेण्यात तिचा जन्म गेला होता. मग एका दुपारी पेशंटपाशी वाकलेली असताना कमरेत काहीतरी कट्‌कन झालं आणि ती खाटेची कड धरून तशीच उभी राहिली. पट्टे झाले, गोळ्या झाल्या, सक्तीची रजा झाली. मेट्रनबाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. कंबर सरळ ठेवून माणूस हलवून दाखवलास तर वॉर्ड तुझा, नाहीतर कपड्यांची खोली.

"तिथे दिवसभर चादरींच्या घड्या," मावशी म्हणाली. "बोलायला कोण? उशा? त्या तर माझ्याहून ढिम्म."

लेकीची जुनी ट्रॅकपँट घालून ती पहिल्या दिवशी दाराशी उभी राहिली, तेव्हा मशीनवर पाय मारणाऱ्या बँकवाल्या बाई म्हणाल्या, "या मावशी, इथे सगळे पेशंटच आहेत. फक्त कुणी कबूल करत नाही."

मास्तरांना कंबर माहीत होती. ते एके काळी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरत. त्यांची स्वतःची कंबर तिथेच गेली आणि तिच्याबरोबर ते सगळे दिवसही गेले. म्हणून घाई करायची नाही, एवढं ते दुखण्याकडून शिकले होते.

"मावशी, व्यायाम कमरेभोवती बांधायचा. कमरेवर नाही."

आधी नुसतं चालणं. मग पाठीला उभी काठी लावून पुढे झुकायचं. डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला चिकटलेलं राहिलं पाहिजे, वाकायचं ते खुब्यातून. मग हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात नि डावा पाय लांबवायचा.

"या वयात रांगायला लावलंत की हो," मावशी म्हणाली. "आता दुपटं तेवढं बांधा."

पोटाच्या उठाबशा बाद. पायाचे अंगठे धरणं बाद. बाकावर टेकून उठायचं, रबरी पट्टा छातीकडे ओढायचा, एका हातात वजन घेऊन न कलता चालायचं. कुठे चमक आली तर तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या अलीकडे सुरुवात करायची. मावशी तक्रार करत करत सगळं करायची. हळूहळू ती खुर्चीतून कण्हल्याशिवाय उठू लागली. एकदा तर बँकवाल्या बाईंची पडलेली किल्ली तिने खुब्यातून झुकून, पाठ फळीसारखी ठेवून उचलली आणि चौफेर असं पाहिलं, जणू आता टाळ्या पडणार. पडल्याही.

मग मास्तरांनी कॅनव्हासची एक लांब पिशवी वाळूने भरून आणली. माणसाच्या अंगासारखी, मध्येच सैल, मध्येच घट्ट. मावशीने तिला हात लावून पाहिला.

"हे तर आजोबा झाले," ती म्हणाली. "चला आजोबा, घाबरायचं नाही हं."

सगळी जिम हसली. आजोबा छान उचलले गेले. पाठ सरळ, श्वास जागच्या जागी. पण गादीवर ठेवताना मावशीच्या तोंडून अस्फुट "आई गं" निघालं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवताना तेच.

मास्तर बाजूला उकिडवे बसून बघत राहिले. पिशवी गादीला टेकली तरी मावशी सरळ होत नव्हती. तिचा डावा हात पिशवीच्या वरच्या टोकाखाली राहत होता आणि त्या हातासाठी तिचं सगळं अंग तिरकं होऊन, पिळून खाली जात होतं. तिची कंबर उचलताना जात नव्हती, ठेवताना जात होती.

"तो हात कशाला तिथे?"

"डोक्याखालचा हात शेवटी काढायचा असतो," मावशी म्हणाली. हे विचारावं लागतं याचंच तिला नवल वाटलं. "हळूच. नाहीतर डोकं आपटतं."

"उशी असते ना खाली?"

"उशीवरसुद्धा आपटतं. आणि आपटलं की माणसाला कळतं, आपण आता सामान झालो."

मास्तरांना त्यांचे गुरू आठवले. तरुणपणी कानाशी ओरडणारे गुरू. सोड! उचलणं आपलं, पडणं जमिनीचं! एवढ्यावरच त्यांची सगळी विद्या उभी होती. मास्तरांनी तीच मावशीला दिली. जवळ जा, ठेवा, हात काढा, सरळ व्हा. मावशीचा हात आठवडे न् आठवडे पिशवीखाली घुटमळत राहिला. मग एके दिवशी तो वेळेवर निघाला. आजोबा गादीवर धप्पकन पडले आणि मावशीची पाठ दुखली नाही. त्या दिवशी ती कुणाशी थट्टा न करता घरी गेली.

ती पुढे कपड्यांच्या खोलीतूनच निवृत्त झाली. मास्तरांना ते तिच्या लेकीकडून कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. मेट्रनबाईंच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी जे झालं, ते त्यांच्याच अंगावर झालं होतं.

त्या सकाळी मावशी म्हणाली, "वाळू पुरे. आता माणूस हवा. बसा खुर्चीत."

मास्तर बसले. शेजारी गाद्या रचून खाटेएवढी उंची केलेली, वर उशी.

"टाक हात गळ्यात, बाळा," ती म्हणाली. आवाज वॉर्डातला होता. मास्तरांनी हात टाकले. आई गेल्यापासून कुणाच्या गळ्यात असे हात टाकले नव्हते, हे त्यांना अधांतरी असताना सुचलं. ती वळली, त्यांना गाद्यांच्या काठावर टेकवलं, आडवं केलं, हात काढला. बिनचूक. मास्तरांचं डोकं उशीत पडलं. क्षणभर छत फार लांब गेलं.

"शाब्बास! पास!"

"आपटलं?"

"छे. कळलंसुद्धा नाही."

मावशीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. वॉर्डात खोटं बोलणाऱ्यांची तिला काय कमी होती! "उठ. परत," ती म्हणाली.

या वेळी हात निघाला नाही. मास्तरांचं डोकं तिच्या तळव्यात राहिलं. तळवा उशीत टेकला, थांबला, मग बोट बोट करत बाहेर आला. डोकं कधी उशीचं झालं ते त्यांना कळलंच नाही. कळला तो वरचा चेहरा. दात आवळलेले, कपाळावर घाम, मान तिरकी.

उद्या मेट्रनबाईंसमोर हा हात आधी काढा, एवढंच सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पडल्या पडल्या त्यांना ते बोलवेना.

मावशी गाद्यांची कड धरून उभी राहिली. श्वास खाली बसू दिला. उशीला पडलेला खळगा हाताने सारखा केला. भिंतीशी जाऊन चपलांत पाय सरकवले, आणि बाहेर पडली.